मुरलीकांत पेटकर : खेळ बदलला, साधना तीच



भिलाईच्या पावर हाउस भागात आमचे छोटेसे स्वाध्याय मंडळ आहे. दर रविवारी सकाळी पंधरा-वीस जण जमतात. बहुतेक घरे दोन-तीन पिढ्यांपूर्वी विदर्भातून नोकरीच्या निमित्ताने इकडे आलेली. त्यामुळे आमच्या मराठीत हिंदी आणि छत्तीसगढी सहज मिसळते, पण वाचन मात्र मराठीतच करायचे असा नेम आहे.

मागच्या महिन्यात ‘शरीर म्हणजे मी नव्हे’ हा विषय चालला होता. नेहमीप्रमाणे सगळे माना डोलावत होते. तेवढ्यात मंडळातला एक तरुण भाऊ बोलला. तीन वर्षांपूर्वी मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या पाठीच्या कण्याला मार बसला आणि तेव्हापासून तो चाकाच्या खुर्चीत आहे. पूर्वी तो कबड्डी खेळायचा, चांगला खेळायचा. तो म्हणाला, “ताई, हे सगळं ऐकायला बरं वाटतं. पण मी खेळाडू होतो. खेळाडू म्हणजे शरीरच असतं ना? ते गेलं, तर मग उरलं कोण?”

कोणालाच उत्तर देता आले नाही. मलाही नाही. दोन ठरावीक वाक्ये माझ्या ओठांवर आली होती. ती मी बोलले नाही, याचे आज समाधान वाटते. ज्याच्या शरीराला काही झालेले नाही, त्याने अशा माणसाला शरीराच्या नश्वरतेवर प्रवचन देणे फार सोपे असते. म्हणून पुढच्या रविवारी तत्त्वचर्चा बाजूला ठेवून एका माणसाचे आयुष्य वाचायचे ठरवले. तोच हा पाठ.

सांगली जिल्ह्यात इस्लामपूरजवळ पेठ नावाचे गाव आहे. मुरलीकांत राजाराम पेटकर यांचा जन्म १ नोव्हेंबर १९४४ चा, या गावचा. हा कृष्णाकाठचा मुलूख, आणि तिथे तालीम हे गावाचे दुसरे देऊळच. शेजारच्या कराड तालुक्यातल्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. तेव्हा पेटकर सात-आठ वर्षांचे होते. लाल माती, जोर-बैठका आणि सकाळचा नेम त्या वयातच अंगात भिनला.

घरची गरिबी होती. कोवळ्या वयात ते सैन्याच्या बॉईज बटालियनमध्ये भरती झाले आणि पुढे ‘ईएमई’ या दलात जवान झाले. सैन्याची वाहने, यंत्रे आणि उपकरणे दुरुस्त करणारे हे दल. तिथे कुस्तीची जागा मुष्टियुद्धाने घेतली. तंबूत परतल्यावर दमलेल्या हातांनी पुन्हा सरावाला उभे राहायचे, असे ते दिवस. १९६४ मध्ये टोकियोला सेनादलांच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते मुष्टियोद्धा म्हणून खेळून आले. वय वीस. पुढचा रस्ता सरळ दिसत होता.

एका वर्षात तो रस्ता संपला. १९६५ चे भारत-पाकिस्तान युद्ध सुरू झाले तेव्हा पेटकर जम्मू-काश्मीरच्या बाजूला तैनात होते. पुढे अनेक मुलाखतींत त्यांनी तो दिवस सांगितला आहे. दुपारची वेळ होती, शिट्टी वाजली. जवानांना वाटले, चहाची वेळ झाली. ती शिट्टी हवाई हल्ल्याच्या इशाऱ्याची होती. बाहेर आलेल्या जवानांवर वरून गोळ्यांचा वर्षाव झाला. नऊ गोळ्या लागल्याचे पेटकर सांगतात. खाली पडल्यावर सैन्याचेच एक वाहन अंगावरून गेले. एक गोळी पाठीच्या कण्यात जाऊन बसली आणि ती आजतागायत तिथेच आहे.

इथे थोडे थांबून शरीरशास्त्र समजून घेऊ, नाहीतर पुढची गोष्ट नुसती चमत्काराची वाटेल. कण्याच्या मणक्यांमधून मज्जारज्जू जातो. मेंदूचा हुकूम त्यातूनच पायापर्यंत पोहोचतो आणि पायाची वेदना त्यातूनच वर येते. हाड मोडले तर सांधते, कातडी फाटली तर भरून येते, पण मज्जारज्जू तुटला तर तो पुन्हा जुळत नाही. त्या जागेच्या खालचे शरीर असते, वाढते, थकते. पण ऐकत नाही. पाय हलत नाहीत एवढ्यावर दुखणे संपत नाही. संवेदना नसल्यामुळे एकाच कुशीवर पडून राहिले तर कातडीला खोल जखमा होतात आणि माणसाला कळतही नाही. लघवीवरचा ताबा जातो, मूत्रपिंडाला संसर्ग होतो. दुसऱ्या महायुद्धापूर्वी असे बहुतेक रुग्ण वर्ष-दोन वर्षांत दगावत. डॉक्टरही त्यांच्याकडे मरणाच्या वाटेवरचे म्हणूनच पाहत.

हे चित्र ज्यांनी बदलले त्यांत लुडविग गुटमान यांचे नाव पहिले घ्यावे लागेल. हे जर्मनीतले ज्यू डॉक्टर. हिटलरच्या छळामुळे १९३९ मध्ये इंग्लंडला आले. १९४४ मध्ये स्टोक मँडेविल येथील रुग्णालयात कण्याला जखम झालेल्या सैनिकांचा विभाग त्यांच्याकडे सोपवला गेला. त्यांनी दोन गोष्टी केल्या. रात्र असो वा दिवस, दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची. आणि ज्याला बसता येते, त्याला खेळायला लावायचे. पहिली गोष्ट अगदी साधी, कंटाळवाणी शुश्रूषा, आणि तिनेच जीव वाचले. दुसरीने वाचलेल्या जिवांना काम मिळाले. २९ जुलै १९४८ ला, लंडन ऑलिंपिकच्या उद्घाटनाच्याच दिवशी, त्यांनी रुग्णालयाच्या आवारात सोळा जखमी सैनिकांची धनुर्विद्या स्पर्धा घेतली. त्या सोळांत स्त्रियाही होत्या. १९६० मध्ये रोमला याच बीजातून पहिली पॅरालिंपिक स्पर्धा भरली. युद्धाने मोडलेल्या माणसांसाठी एका निर्वासिताने हे दार उघडले. पेटकर याच दारातून आत जाणार होते, पण तेव्हा त्यांना याची कल्पनाही नव्हती.

मुंबईच्या कुलाब्यात नौदलाचे ‘आयएनएचएस अश्विनी’ हे रुग्णालय आहे. पेटकरांना तिथे आणले. बराच काळ ते शुद्धीवर नव्हते. शुद्ध आली तेव्हा कमरेखालचे शरीर परके झाले होते. विचार करा, मुष्टियोद्ध्याची सगळी विद्या पायांत असते. ठोसा हाताने मारला तरी त्याचे बळ टाचेतून निघते, कमरेतून फिरते आणि खांद्यातून बाहेर पडते. पाय गेले की ती विद्या मुळापासूनच गेली. वय एकवीस.

जगात युद्धात जखमी झालेले खेळाडू पुष्कळ आहेत आणि त्यांच्या कथा सांगायची एक ठरलेली रीत आहे: तो पडला, उठला, आणि पुन्हा आपल्या मैदानावर गेला. अमेरिकेत बेसबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंच्या अशा कथा घरोघरी सांगतात. बेसबॉलमधला ‘पिचर’ म्हणजे आपल्याकडचा गोलंदाज. बर्ट शेपर्ड नावाचा असा एक डावखुरा पिचर वैमानिक होऊन युद्धावर गेला. १९४४ मध्ये त्याचे विमान जर्मनीत पाडले गेले आणि उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. युद्धकैद्यांच्या छावणीत एका कॅनेडियन कैद्याने त्याला लाकडी पाय बनवून दिला. त्या पायावर तो छावणीतच चेंडू टाकायला लागला. ४ ऑगस्ट १९४५ ला तो वॉशिंग्टनच्या संघाकडून अमेरिकेच्या सर्वोच्च साखळीतला सामना खेळला, पाचहून अधिक डाव टाकले आणि प्रतिस्पर्ध्याला एकच धाव दिली. त्या पातळीवरचा त्याचा तो एकमेव सामना. दुसरा लू ब्रिसी. डिसेंबर १९४४ मध्ये इटलीत तोफगोळ्याने त्याच्या डाव्या नडगीचे तुकडे केले. पाय कापू नका, मी बेसबॉल खेळणारा आहे, अशी त्याने डॉक्टरांना विनवणी केली. तेवीस शस्त्रक्रिया झाल्या. पायाला धातूची पट्टी बांधून तो फिलाडेल्फियाच्या संघात आला आणि १९४९ मध्ये निवडक सर्वोत्तम खेळाडूंच्या सामन्यापर्यंत पोहोचला.

जाता जाता शेपर्डच्या कथेतला एक धागा सांगते, कारण तो मला त्याच्या सामन्याहून मोलाचा वाटतो. त्याचे विमान शेतात कोसळले तेव्हा चिडलेले शेतकरी त्याला मारायला धावले होते. लॅडिस्लाउस लॉइडल नावाच्या शत्रुपक्षाच्या डॉक्टरने त्यांना अडवले आणि त्याला रुग्णालयात नेले. आपला जीव कोणी वाचवला, हे शेपर्डला जवळजवळ पन्नास वर्षांनी कळले. १९९३ मध्ये त्या दोघांची भेट झाली.

शेपर्ड आणि ब्रिसी आपल्या जुन्या खेळात परत गेले. ब्रिसीचा पाय वाचला होता, शेपर्डला कृत्रिम पाय बसवता येत होता. पेटकरांना परतण्यासारखे काही उरलेच नव्हते. मज्जारज्जूच्या जखमेला लाकडी पायाचा उपयोग नाही. पूर्वीच्या ‘मी’ला घट्ट धरून बसले असते तर आयुष्यभर एका मेलेल्या मुष्टियोद्ध्याचा शोक करण्यावाचून त्यांना दुसरे काम उरले नसते. आमच्या मंडळातल्या भावाचा प्रश्न नेमका इथेच उभा आहे. जुन्या खेळात परतणे शक्य नसेल, तर खेळाडू कशाला म्हणायचे?

पेटकरांना उपचार म्हणून पाण्यात उतरवले गेले. पदकासाठी नव्हे, स्नायूंना व्यायाम मिळावा म्हणून. पाण्याचा एक गुण असा की ते शरीराचे बरेचसे ओझे स्वतःवर घेते. जमिनीवर जो देह उचलायला दोन माणसे लागतात, तो पाण्यात एकट्याच्या हाताने पुढे सरकतो. पण सोपे म्हणावे तर तसेही नाही. धडधाकट माणूस पोहताना पाय मारतो. त्याने वेग तर मिळतोच, शिवाय कंबर पाण्याच्या वर राहते. ज्याचे पाय निर्जीव, त्याची कंबर खाली जाते आणि पाय मागे लोंबत राहतात, जणू पाठीला बांधलेले ओले पोते. ते पोते ओढायचे, तोल सांभाळायचा आणि श्वासासाठी मान वळवायची, हे सगळे दोन हातांनी आणि खांद्यांनी. मुष्टियुद्धातले पाय गेले होते, खांदे शाबूत होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पहाटेचा नेम शाबूत होता. पेठच्या तालमीत लागलेली, सैन्यात पक्की झालेली ती सवय गोळीने मरणारी नव्हती.

पोहण्याबरोबर टेबल टेनिस, भालाफेक, गोळाफेक, खुर्चीची अडथळा शर्यत, जे जे बसून करता येईल ते ते त्यांनी करून पाहिले. १९६८ मध्ये तेल अवीवच्या पॅरालिंपिकला ते टेबल टेनिस खेळायला गेले आणि पहिली फेरी जिंकले. १९७० मध्ये एडिंबरोला राष्ट्रकुलातील पॅराप्लेजिक खेळाडूंच्या स्पर्धेत ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. परदेशी जायचे तर पैसा हवा, आणि जखमी जवानाच्या खेळासाठी तेव्हा तिजोरी कोण उघडणार? त्या काळात त्यांच्या पाठीशी उभे राहिले ते विजय मर्चंट. भारताचे नामवंत कसोटी फलंदाज. क्रिकेट थांबल्यावर त्यांनी अपंग बांधवांच्या कामाला वाहून घेतले होते. एका खेळाडूने दुसऱ्या खेळाडूला ओळखले, असे मला यात दिसते. मर्चंटांनी केलेली मदत डोळे पुसण्यासाठी नव्हती. ती स्पर्धेला पोहोचण्यासाठी होती.

ऑगस्ट १९७२. त्या वर्षीचे ऑलिंपिक म्युनिकला होते. पण तिथले क्रीडाग्राम स्पर्धेनंतर लगेच घरांसाठी वापरायचे ठरले होते, म्हणून पॅरालिंपिक हायडेलबर्गला, ऑलिंपिकच्या आधीच उरकून घेतले गेले. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये, आपल्या गटात, पेटकर ३७.३३ सेकंदांत पोहले. सुवर्णपदक आणि त्या गटातला जागतिक विक्रम. या आकड्याचा अर्थ नीट पाहावा. त्याच महिन्याच्या शेवटी म्युनिकला सुरू झालेल्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मार्क स्पिट्झने १०० मीटर अंतर ५१.२२ सेकंदांत पोहून विक्रम केला. म्हणजे पन्नास मीटरला सरासरी साडेपंचवीस सेकंदांच्या थोडे वर. स्पिट्झ हात, पाय, कंबर, सारे शरीर घेऊन पोहत होता. पेटकर निम्मे शरीर मागे ओढत होते. दोघांत अंतर बारा सेकंदांच्या आत.

याच स्पर्धेत भालाफेकीच्या दोन प्रकारांत आणि खुर्चीच्या अडथळा शर्यतीतही ते अंतिम फेरीपर्यंत गेले. ऑलिंपिक असो वा पॅरालिंपिक, भारतीयाने एकट्याच्या बळावर मिळवलेले हे पहिले सुवर्ण. ऑलिंपिकमधल्या वैयक्तिक सुवर्णासाठी देशाला २००८ पर्यंत अभिनव बिंद्राची वाट पाहावी लागली. पॅरालिंपिकमध्ये दुसरे सुवर्ण २००४ मध्ये देवेंद्र झाझडियांच्या भाल्याने आले. मधली बत्तीस वर्षे पेटकर एकटेच होते.

आता जो भाग येतो तो मला या चरित्रातला सर्वात कठीण वाटतो. युद्ध आणि गोळी यांपेक्षाही कठीण. पदक घेऊन पेटकर परत आले आणि जग त्यांना विसरले. पुण्याच्या टेल्को कंपनीत त्यांनी नोकरी धरली, संसार केला, मुलाला वाढवले. १९८२ मध्ये अर्जुन पुरस्कारासाठी त्यांचा विचार झाला नाही. जागतिक विक्रम करणाऱ्याला नकार मिळाला. त्यांनी मनाला लावून घेतले नाही असे म्हणणे खोटे ठरेल. नकाराचे दुःख त्यांनी पुढेही बोलून दाखवले आहे. आपण निष्काम कर्माचे पाठ वाचतो तेव्हा अनेकदा अशी समजूत करून घेतो की फळाची अपेक्षा सोडलेला माणूस दुखावतच नाही. पेटकरांचे आयुष्य तसे सांगत नाही. माणूस दुखावतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कामाला जातो. अनेक वर्षे, रोज, चाकाच्या खुर्चीतून. त्यांना दुःख झाले म्हणून ते कमी ठरत नाहीत. उलट मला तर ते त्यामुळेच जवळचे वाटतात.

२०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. पदकानंतर शेहेचाळीस वर्षांनी. राष्ट्रपती भवनातल्या त्या समारंभाने देशाला त्यांचे नाव प्रथम कळले म्हणायला हरकत नाही. २०२४ मध्ये कबीर खान यांनी ‘चंदू चॅम्पियन’ हा चित्रपट काढला, त्यात कार्तिक आर्यनने त्यांची भूमिका केली. आमच्या मंडळातल्या मुलांनी तो आधीच पाहिला होता. चित्रपटाला गाणी लागतात, प्रसंग रंगवावे लागतात, ते ठीकच आहे. आणि जानेवारी २०२५ मध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी राष्ट्रपतींच्या हातून अर्जुन पुरस्कार स्वीकारला. एकदा नाकारलेला तोच सन्मान.

हे सगळे वाचून झाल्यावर मी त्या भावाकडे पाहिले. मला वाटले, तो भारावला असेल. तसे काही झाले नव्हते. तो म्हणाला, “ताई, पेटकर मोठेच आहेत. पण मला आता पदक नको आहे. मला एवढंच विचारायचं आहे, त्यांना पाण्यात उतरवताना कोणी उचलून टाकलं, की ते स्वतः उतरले?”

प्रश्न पोहण्याचा नव्हता, हे कळायला मला क्षणभर लागला. आमच्या सभागृहाला दोन पायऱ्या आहेत. तीन वर्षे दर रविवारी चार जण मिळून त्याची खुर्ची उचलून आत आणतात. आम्ही याला सेवा म्हणत होतो. उचलताना काही जण हसतखेळत बोलायचे, काही जण घोषणाही द्यायचे. त्याला काय वाटते, हे आम्ही एकदाही विचारले नव्हते. त्याने सांगितले, दर रविवारी घरून निघताना त्याला त्या दोन पायऱ्या आठवतात. पावसाळ्यात तो तीन वेळा आला नव्हता. तब्येत बरी नाही असा निरोप धाडला होता. तब्येत बरी होती.

चर्चा तिथेच थांबली. विषय बाजूला राहिला आणि पायऱ्यांची उंची मोजली गेली. एका काकांनी सुताराला फोन लावला. उतार फार तीव्र असेल तर खुर्ची हाताने चढत नाही, मागे घसरते. म्हणून उंचीच्या बारापट लांब फळी हवी, हे त्या भावानेच सांगितले. त्याने ते कधीच पाहून ठेवले होते. बारा फूट लांबीची फळी बसवायची तर बाहेरची तुळशीची कुंडी हलवावी लागणार होती. यावर थोडा वाद झाला. कुंडी हलली.

गेल्या रविवारी तो वेळेआधी आला. फळीवरून हातांनी चाके ढकलत, मध्ये एकदा थांबून दम घेत, स्वतः आत आला. आम्ही दोघे-तिघे सवयीने पुढे झालो होतो, त्याने हात वर करून थांबवले. वाचनाची पाळी त्याची होती. त्याने पुस्तक मागितले आणि कुठल्या पानापासून सुरू करायचे ते विचारले.